पितळ नसलेल्या घरांचा इतिहास

मागच्या वर्षी एका स्थानिक इतिहास संग्रहालयाने लोकसहभागाचा कार्यक्रम ठेवला होता : ‘घरातली जुनी वस्तू घेऊन या.’ मी आजोबांचा गेटपास नेला. ते भंडाऱ्याकडून भिलाईला आले आणि आयुष्यभर ठेकेदाराकडे राबले. टेबलामागच्या मॅडमनी पास उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “याहून जुनं काही नाही का? तांब्या-पितळेचं?” माझ्या पुढच्या काकांचा पानाचा डबा मात्र लगेच काचेखाली गेला.

त्या मॅडम वाईट नव्हत्या. म्हणूनच हे लिहिते आहे.

1935 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका गावात अस्पृश्य स्त्रियांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणलं म्हणून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये हे नोंदवून ठेवलं आहे. ज्यांना पितळ बाळगू दिलं नाही, त्यांच्याकडे आज वारसा म्हणून पितळ मागायचं? वस्तूचं वय आणि धातू पाहून इतिहास निवडला, की जात न विचारताही जातीचीच निवड होते.

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी आहे. तिथे चित्रांची प्रदर्शनं भरतात, भरावीत. पण या शहराची गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते, तिथे ती एकाच रुळावरून धावते. 1955 चा सोव्हिएत करार. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन. मग पोलाद, रूळ, राष्ट्रउभारणी. कारखान्यासाठी ज्यांची शेतं गेली ते सतनामी, गोंड, साहू कुठे आहेत? विदर्भातून आलेले बौद्ध कुठे आहेत? 28 सप्टेंबर 1991 ला झोपेत गोळ्या घालून मारलेले शंकर गुहा नियोगी? 1 जुलै 1992 ला पॉवरहाऊस स्टेशनवर रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. डझनाहून अधिक कामगार गेले. तो रूळही भिलाईच्या इतिहासातलाच.

“संग्रहालयात राजकारण नको,” असं आपल्याला सांगतात. उद्घाटनाचा फोटो लावणं राजकारण नाही आणि गेटपास लावणं राजकारण, हे ठरवतं कोण?

दुसरी रीतही आहे. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून वर्णभेदी सरकारने साठ हजारांवर लोकांना हुसकावलं. 1994 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं, तेव्हा जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला. जुने रहिवासी आले आणि आपलं घर कुठे होतं ते स्वतःच्या हाताने त्यावर लिहून गेले. याला म्हणतात लोकांचा कार्यक्रम. लोक तिथे रांगोळी स्पर्धेचे प्रेक्षक नव्हते, साक्षीदार होते.

इतकं लांब जायचीही गरज नाही. 1857 मध्ये फाशी गेलेल्या सोनाखानच्या वीर नारायण सिंहांची आठवण दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी आपल्या संघटनेतून पुन्हा उभी केली. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टाइपराइटर आपल्याच माणसांनी सांभाळले. इतिहास जपण्यासाठी आपण कुणाच्या निमंत्रणाची वाट पाहिलेली नाही.

म्हणून संग्रहालयांना आपली अट साधी असावी. फक्त वस्तू आणायला बोलावू नका. निवड समितीत बसवा. वस्तूखालची ओळ आम्ही लिहू. त्यात ‘एक मजूर’ नसेल. नाव, गाव, काम आणि मजुरी असेल. वस्तूची मालकी त्या घराचीच राहील.

आणि आपल्यासाठी, म्हणजे घरातल्या पहिल्या पदवीधरांसाठी, एक अट माझी. आपण डिग्रीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून भिंतीवर लावतो आणि आजोबांचा गेटपास ट्रंकेत कुजू देतो. मीही तेच केलं होतं. येत्या 14 एप्रिलला मिरवणुकीआधी तासभर आजीजवळ बसा, मोबाईलचा रेकॉर्डर सुरू करा. ती म्हणेल, “आमचं काय सांगायचं?” हे वाक्यही रेकॉर्ड करा. ते तिला कुणी शिकवलं, हाच आपला इतिहास आहे.

जय भीम.