सत्कार्याचा हिशेब कोणापुढे?

सामाजिक उद्योजक आणि प्रसारमाध्यमे एकत्र आली की सरकारला न साधलेले लोककल्याण सहज साधते, असा प्रचार गेली काही दशके सातत्याने होत आहे. या दाव्याची कसोटी आंध्र प्रदेशात लागली.

गरीब स्त्रीला तारणाशिवाय कर्ज मिळावे, हा हेतू रास्तच होता. २००६ साली बांगलादेशातील ग्रामीण बँक व तिचे संस्थापक महंमद युनूस यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘टाइम’ने एसकेएस मायक्रोफायनान्सचे संस्थापक विक्रम अकुला यांची जगातील शंभर प्रभावशाली व्यक्तींत गणना केली. परतफेडीचे विक्रमी आकडे छापून आले. परतफेड होते कशी, हे मात्र क्वचितच विचारले गेले. एकीचा हप्ता थकला की गटातील इतर स्त्रियांवर दडपण आणि एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज, हे त्या विक्रमामागील वास्तव होते.

ऑगस्ट २०१० मध्ये या कंपनीच्या समभागांची शेअरबाजारात नोंदणी झाली. विक्रीच्या वेळी त्यांना तेरा पटींहून अधिक मागणी आली होती. दोनच महिन्यांनी, कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी राज्य हादरल्यावर, सरकारला वटहुकूम काढून सूक्ष्मकर्ज कंपन्यांच्या साप्ताहिक वसुलीला व दांडगाईला आळा घालावा लागला. २०११ साली रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांच्या व्याजावर २६ टक्क्यांची मर्यादा घातली. मर्यादाच एवढी, तर पूर्वीच्या दरांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

हा कोणा एका व्यक्तीच्या स्वभावाचा दोष नव्हे. भागधारकांना नफ्याचे वचन दिले की तो कर्जदाराच्या मजुरीतूनच वसूल करावा लागतो. सद्हेतू या नियमाला अपवाद ठरत नाही.

पर्याय होता आणि आहे. केरळातील डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने १९९८ साली ‘कुटुंबश्री’ सुरू केली. शेजारगट, वॉर्ड आणि पंचायत अशा तीन पातळ्यांवर स्त्रियाच आपले पदाधिकारी निवडतात; बचत त्यांची, निर्णय त्यांचा. तेथे हिशेब भागधारकापुढे नव्हे, शेजारणीपुढे मांडावा लागतो.

माध्यमांचे कर्तव्यही येथेच स्पष्ट होते. आंध्रातील वसुलीचे अत्याचार कर्जदाराच्या दारापर्यंत गेलेल्या वार्ताहरांनीच उजेडात आणले. सत्कार्याला खरी मदत अशाच पत्रकारितेची होते. उद्योजकांच्या गौरवांकांची नव्हे. आणि तिने उजेडात आणलेल्या सत्याला कायद्याचे बळ मिळवून देणे, हे संघटित श्रमजीवी जनतेचे काम आहे.