'छावा' आणि शेजारचा छोटा प्रेक्षक

2025 च्या फेब्रुवारीत वाशीच्या एका चित्रपटगृहात मी 'छावा' पाहिला. शेजारी आईबाबांबरोबर आठेक वर्षांचा मुलगा होता. लढाया चालल्या तोवर टाळ्या पिटत होता. शेवटी संभाजीराजांचे हाल सुरू झाले आणि त्याने आईच्या ओढणीत तोंड खुपसले.

चित्रपटाचे प्रमाणपत्र होते 'यूए 16+'. 2023 च्या कायदेदुरुस्तीने 'यूए'मध्ये 7, 13 आणि 16 अशा वयाच्या पायऱ्या आल्या. पण दारावर मुलांना अडवता येते ते फक्त 'ए' चित्रपटाला. 'यूए'चा निर्णय पालकांचा. प्रदर्शनापूर्वी वाद रंगला तो लेझीमच्या दृश्यावर, ते वगळलेही गेले. त्या हालांच्या दृश्यांना मुले बसवावीत का, हे विचारलेले मी तरी ऐकले नाही.

इतिहास लपवा असे मी म्हणत नाही. 1689 मध्ये तुळापूरला काय घडले, ते घरोघरी सांगितले जातेच. पण सांगणाऱ्या आजीला नातवाचा चेहरा दिसतो. कुठे थांबायचे ते तिला कळते. पडद्याला कुठले कळायला! म्हणून घरातल्या एखाद्या मोठ्याने आधी जाऊन यावे. तिकीट महाग आहे, कबूल.

बाबा त्या मुलाला म्हणाले, "अरे, मावळे रडत नाहीत!" मला तेच अधिक खटकले.