उभ्या भिंतींचाही पंचनामा व्हावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
मा. तहसीलदार व मा. गटविकास अधिकारी, वाशी

विषय : गळतीनंतर भिंतींत मुरलेली ओल व बुरशी तपासण्याबाबत तेरखेडा येथील रहिवासी व फटाका कामगारांच्या संघटनेचे मागणीपत्र.

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्याने अतिवृष्टी सोसली. अशा वेळी पडलेले घर मोजले जाते. पाणी पिऊन उभी राहिलेली भिंत मात्र पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या निकषांत अंशतः पडझडीसाठी किमान १५ टक्के नुकसान लागत होते. त्यावर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मिळत होते. ओल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती टक्क्यांत धरलीच जात नाही.

आपल्या भागातल्या जुन्या भिंती म्हणजे दगडाचे दोन पदर आणि मध्ये माती-गोटे. माळवदातून झिरपलेले पाणी या मधल्या मातीत मुरते, माती मऊ पडते, पदर एकमेकांपासून सुटतात आणि भिंतीला पोट येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूर परिसरातील माणसे अशाच मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदांखाली गाडली गेली. त्या भिंती भूकंपाने पाडल्या. मात्र मातीची पकड सुटली की भिंतीचे काय होते, हे या जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. अनेकांनी अशा भिंतींवर सिमेंटचा गिलावा केला आहे. तो वरून टणक राहतो, आतली ओल मात्र बाहेर पडू देत नाही. हीच घरे आम्हाला जास्त धोक्याची वाटतात.

म्हणून आमची मुख्य मागणी : पाऊस उघडल्यावर तीन-चार आठवड्यांनी गळालेल्या प्रत्येक घराची दुसरी पाहणी व्हावी आणि तिच्या नोंदीवर मदत ठरावी. यासाठी फार खर्च नाही. गिलाव्यावर ठोकून पोकळ आवाज ऐकावा. ओळंबा लावून फुगवटा मोजावा. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावा : थेंब कागदाच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, बाहेरून आले तर खोलीतल्या दमट हवेची. पंचायत समितीने ओलावामापक यंत्रही घ्यावे. मात्र लोणा लागलेल्या भिंतीवर क्षारांमुळे यंत्र जास्त ओल दाखवते, तेव्हा एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये. कपाटामागचे कोपरे, माळवदाखालची तुळई आणि विजेच्या बटणांची जागा आधी पाहावी. ओल्या भिंतीत करंट उतरतो, म्हणून या पाहणीआधी वीज बंद करावी.

फटाक्यांच्या शेडचा प्रश्न याहून गंभीर आहे. तेरखेड्याचे नाव फटाक्यांमुळे आहे आणि इथली अनेक घरे त्यावर चालतात. भिजलेला माल निकामी झाला, आता धोका नाही, असा समज असतो. तो घातक आहे. फटाक्यांच्या दारूतली ॲल्युमिनियमची बारीक पूड ओलाव्याशी संयोग पावून तापते आणि हायड्रोजन वायू सोडते. मिश्रणात नायट्रेट असेल तर उष्णता आणखी वाढून माल आपोआप पेटू शकतो. गळालेल्या शेडमधील व गोदामातील भिंती व जमीन कोरडी असल्याचा लेखी दाखला मिळेपर्यंत तिथे काम आणि साठवण बंद ठेवावी. त्या दिवसांची मजुरी कामगाराला मिळावी. मजुरी बुडणार असेल तर ओल दिसूनही कोणी बोलणार नाही.

अंगणवाडी आणि शाळेच्या खोल्यांत काळे डाग दिसताच वरून रंग मारू नये. भिजलेल्या जागी बुरशी एक-दोन दिवसांत धरू लागते आणि रंगाखालीही वाढत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच घरातील ओल व बुरशीचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध मांडला आहे. आधी गळती बंद करावी, सुटलेला गिलावा काढून भिंत वाळू द्यावी, मगच चुन्याचा हात द्यावा. खरवडणाऱ्याला मास्क द्यावा आणि त्या वेळी मुलांना दुसऱ्या खोलीत बसवावे.

सिमेंटचा गिलावा ओल कोंडतो, म्हणून मातीत रचलेल्या भिंतींच्या दुरुस्तीसाठी माती-चुन्याच्या गिलाव्याचाही अंदाजपत्रकात समावेश व्हावा.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी पाहणीचे वेळापत्रक ठरवून ते तेरखेड्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.