गळके इंजिन आणि पॅकिंगचा विचार

जुनी मोटार म्हटली की तिच्याखाली तेलाचा डाग असायचाच, असे सर्रास बोलले जाते. माझ्या मते हा जुन्या इंजिनांवर अन्याय आहे. बहुतेक वेळा दोष पॅकिंग निवडणाऱ्याचा असतो. गॅस्केटला गॅरेजमध्ये पॅकिंगच म्हणतात.

कलाशाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. माझे वडील मोटार-मिस्त्री आहेत आणि कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडरची इंजिने मी कवितांच्या आधी पाहिली.

धातूचे दोन भाग डोळ्यांना सपाट दिसले तरी जोडल्यावर बारीक फटी राहतात. त्या बुजवणे हे पॅकिंगचे काम. म्हणून ते कोणत्या जागी बसणार, हे आधी पाहिले पाहिजे. टॅपेट कव्हर किंवा ऑइल चेंबर पत्र्याचे असेल तर ते थोडेफार वाकडे असतेच. तिथे जाड, दबणारे कॉर्क हवे. मशीनवर सपाट केलेल्या भागांमध्ये पातळ कागदी पॅकिंग पुरते. रबर घालायचे तर नायट्राइल; साधे रबर तेलाने फुगते. सिलिंडर हेडला यातले काहीच चालत नाही. तिथे जळत्या वायूचा दाब आणि उष्णता सोसणारे खास गॅस्केटच लागते.

पण गळती दिसली की घ्या पाना आणि आवळा, ही आपली रीत! फार आवळले की कॉर्क चिरडते, बोल्टच्या भोकांभोवती पत्रा खोलगट होतो आणि गळती वाढते. पत्रा आधी ठोकून सपाट करावा, मग बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. दुसरी खोड सिलिकॉन थापण्याची. ते बाहेर येते तसे आतही येते. त्याचा तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर इंजिनाला तेल कुठून मिळणार? शिवाय ब्रीदर तुंबला असेल तर आतला दाब चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर ढकलतो.

याहून गंभीर गोष्ट अ‍ॅस्बेस्टॉसची. जुन्या काळच्या अनेक गॅस्केटांत ते असे. असे गॅस्केट कोरडेच खरवडून हवेच्या झोताने धूळ उडवलेली मी पाहिली आहे. ही धूळ फुफ्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो. जुने गॅस्केट ओले करूनच काढावे आणि नवे अ‍ॅस्बेस्टॉसविरहित घ्यावे. गाडी मालकाची असते, पण धूळ मिस्त्रीच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोराच्या छातीत जाते.

अ‍ॅम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेल्या. उरलेल्या गाड्या हौशी लोक जपतील, पण त्यांची विद्या अजून बरीचशी मिस्त्रींच्या तोंडीच आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे कारागीर आहेत, त्यांनी ती त्यांच्याकडून ऐकून मराठीत लिहून ठेवावी. आपल्या शिक्षणाचा एवढा उपयोग तरी घरच्यांना व्हायला हवा, असे माझे प्रामाणिक मत आहे.