कात्री कोण चालवतो?

दिवाळी अंकातली गोष्ट वाचताना आपण एक कसरत नकळत करीत असतो. नायिका जिन्याच्या पायरीवर थबकते, तिच्या तोंडून वाक्य निम्मे बाहेर पडते, आणि मध्येच केशतेलाची जाहिरात आडवी येते! आपण ती ओलांडतो, पुढचे पान शोधतो आणि तुटलेले वाक्य सांधून घेतो. आपल्या शरीरातल्या पेशींना हीच कसरत अहोरात्र करावी लागते असे सांगितले, तर वाचकहो, तुम्हाला थट्टा वाटेल.

परंतु १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळांतून नेमके हेच निष्पन्न झाले. तोवर समजूत अशी की, जनुक म्हणजे सलग मजकूर. त्याची आरएनए नावाची नक्कल निघते आणि ती वाचून प्रथिन तयार होते. प्रत्यक्षात मजकुरापेक्षा जाहिरातीच फार! स्नायूंना आधार देणाऱ्या डिस्ट्रोफिन या प्रथिनाचे जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचे. कापाकापी होऊन हाती उरतात जेमतेम १४ हजार. त्यात कात्री एका अक्षराने जरी चुकली, तरी पुढचा सगळा मजकूर बिघडतो. या शोधाला १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण कात्री चालवतो कोण? आणि कुठे कापायचे, हे त्याला कळते कसे?

याचे उत्तर शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या जोन स्टाइट्झ. १९४१ साली अमेरिकेत मिनिआपोलिस येथे जन्मलेल्या या बाई हार्वर्डला संशोधनासाठी एका प्राध्यापकांकडे गेल्या, तेव्हा लग्न होईल, मुले होतील, मग पीएच.डी. घेऊन करणार काय, असा सवाल त्यांना ऐकावा लागला. (तेव्हा हा प्रश्न केवळ आपल्याकडच्या आत्याबाईच विचारतात असे नाही!) बाई तिथून निघाल्या त्या थेट जेम्स वॉटसन यांच्याकडे. पुढे लग्न झाले, मूल झाले, आणि येल विद्यापीठात स्वतःची प्रयोगशाळाही झाली.

तिथे त्यांच्या हाताखाली मायकेल लर्नर हा वैद्यकाचा विद्यार्थी संशोधन करीत होता. त्या दोघांनी साधन म्हणून निवडले ते ल्युपसच्या रोग्यांचे रक्त. या रोगात शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांवर तुटून पडतात. सांधे धरतात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. आणि रोग्यांत दहांपैकी नऊ स्त्रिया, त्याही बहुधा ऐन उमेदीतल्या. त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये पेशीच्या केंद्रकातल्या कशावर तरी रोख धरतात, एवढे डॉक्टरांना ठाऊक होते. कशावर, हे पाहण्यासाठी या दोघांनी ती प्रतिद्रव्ये गळासारखी पेशींच्या अर्कात सोडली. गळाला लागली आरएनए आणि प्रथिने यांची चिमुकली गाठोडी. १९७९ साली हे प्रसिद्ध झाले. त्यांतल्या यू-१ नावाच्या गाठोड्यातील आरएनएची सुरुवातीची अक्षरे जाहिरात जिथे सुरू होते त्या सीमेवरच्या अक्षरांशी जुळतात, बटण काजात बसावे तशी! कापायची जागा हीच गाठोडी दाखवीत असावीत, हा तर्क १९८० साली मांडला गेला आणि पुढच्या प्रयोगांनी तो खरा ठरवला. ज्या रक्ताने त्या स्त्रियांना अंथरुणाला खिळवले, त्यानेच कात्री धरणारा हात दाखवला.

बाईंना २०१८ साली लास्कर पुरस्कार मिळाला. पण या विद्येचा प्रभाव पाहायचा तर एका बालरोगाकडे पाहावे. एसएमए या रोगाने जन्मलेल्या मुलांचे स्नायू दुबळे होत जातात, आणि तीव्र प्रकारातली बाळे उपचारांवाचून बहुधा दोन वर्षेही काढीत नाहीत. बिघडलेल्या जनुकाला जवळजवळ तसाच एक जोडीदार असतो. पण त्यात एका अक्षराचा फरक, आणि तेवढ्याने कात्री मजकुराचाच एक तुकडा जाहिरात समजून फेकून देते. एड्रियन क्रेनर आणि सहकाऱ्यांनी आरएनएवर चिकटपट्टीसारखा बसणारा एक रेणू तयार केला, त्यामुळे तो तुकडा जागच्या जागी राहतो. हेच न्युसिनर्सन औषध. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये परवानगी मिळाली. मौज अशी की, या मुलांत ज्या प्रथिनाची वाण असते, त्याचे एक मुख्य काम म्हणजे बाईंच्या गळाला लागलेली ती गाठोडी बांधणे!

किंमत मात्र ऐकून छाती दडपते: बाजारात आले तेव्हा अमेरिकेत पहिल्या वर्षाचे साडेसात लाख डॉलर. पण लक्षणे दिसण्यापूर्वीच ज्या बाळांना चाचण्यांत हे औषध मिळाले, त्यांतली बहुतेक पुढे आपल्या पायांनी चालू लागली.