विश्लेषण : लाखाचा इअरफोन लाखाचा ऐकू येतो का?

कानात घालायच्या वायरच्या इअरफोनची किंमत काहीशे रुपयांपासून सुरू होते आणि दोन लाखांच्याही पुढे जाते. यातल्या दर्जेदार वर्गाला हौशी मंडळी ‘आयईएम’ म्हणजे इन-इअर मॉनिटर म्हणतात. फोनमधून ३.५ मिलिमीटरचा जॅक हद्दपार होत असताना आणि जो तो ब्लूटूथचे बड्स घालून फिरत असताना या वायरवाल्या वस्तूचा छंद मात्र टिकून आहे. दोन-तीन आयईएम समोर ठेवायचे, तेच गाणे आलटूनपालटून ऐकायचे आणि सरस कोणता ते ठरवायचे, हा या छंदाचा गाभा. त्या निवाड्यावर पुढची खरेदी ठरते, प्रसंगी मासिक हप्त्यांवर. अडचण अशी की, हा निवाडा ज्या पद्धतीने केला जातो तीच बहुतेक वेळा सदोष असते. कानांना फरक ऐकू येतो हे खरे, पण तो फरक इअरफोनचाच असेल असे नाही.

आयईएम आले कुठून?

रंगमंचावरून. गायक-वादकांना गोंगाटातही स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ते वापरले जाऊ लागले. अमेरिकेतील व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमर ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या मापाचा इअरफोन तयार केला आणि १९९५ मध्ये ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी सुरू झाली. त्याआधी १९९१ मध्ये ‘एटिमोटिक’ने ‘ईआर-४’ आणला होता. त्यातला ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हा ड्रायव्हर श्रवणयंत्रांच्या घराण्यातला.

आज ‘सेनहायझर आयई ९००’मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर असतो आणि ‘६४ ऑडिओ’च्या ‘यू१२टी’मध्ये तब्बल १२ बॅलन्स्ड आर्मेचर. पहिला बाजारात आला तेव्हा सुमारे १,३०० डॉलरचा होता, तर दुसरा सुमारे २,००० डॉलरचा. जाहिरातीत ड्रायव्हरची संख्या ठळक अक्षरांत असते, पण तिच्यावरून आवाजाचा दर्जा कळत नाही.

किंमत वाढली की आवाज सुधारतो?

येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८३ हेडफोनची मापे तपासली. त्यांत कानावरचे होते तसे कानातलेही होते. कोणत्या वारंवारितेला किती आवाज मिळतो, याचा आलेख आणि वस्तूची किंमत यांच्यात त्यांना काहीही संबंध आढळला नाही.

त्याच वर्षी ‘हरमन’ कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी ३० इन-इअर मॉडेलची श्रवणचाचणी मांडली. श्रोते होते ७१, काही प्रशिक्षित तर काही साधे. या चाचणीतली युक्ती पाहण्यासारखी आहे. प्रत्येकाच्या कानात एकच चांगला इअरफोन होता आणि बाकी सगळ्यांचे आवाज त्याच्यावर इक्वलायझरने उभे केले जात होते. त्यामुळे ब्रँड, वजन, आकार, किंमत यांतले काहीच श्रोत्याला कळत नव्हते. कानातून आवाज गळत तर नाही ना, हेही प्रत्येक श्रोत्यागणिक तपासले गेले. कोणता आवाज लोकांना आवडेल, याचा बराचसा अंदाज केवळ त्या आलेखावरून बांधता आला. ‘हरमन’ स्वतः हेडफोन विकणारी कंपनी आहे हे ध्यानात ठेवावे, पण पद्धत चोख होती.

या संशोधनाचा फायदा सर्वाधिक कोणी उचलला असेल तर स्वस्त चिनी कंपन्यांनी. ‘मूनड्रॉप चू’ आणि ‘सेव्हन हर्ट्झ सॅल्नोट्स झिरो’ हे दोन्ही २०२२ मध्ये साधारण २० डॉलरला आले आणि छंदी मंडळींचे किमतीबद्दलचे गणितच विस्कटले.

तुलनेत घोळ कुठे होतो?

सर्वात मोठा घोळ आवाजाच्या पातळीचा. दोन आयईएमची संवेदनशीलता वेगळी असते. फोनचा आवाज तोच ठेवून इअरफोन बदलला, तर एक जरासा मोठा वाजतो. फरक एखाद्या डेसिबलचा असेल तर तो कानाला ‘मोठा’ असा जाणवत नाही. ‘मोकळा’, ‘भरीव’, ‘तपशीलवार’ असा जाणवतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की, आवाज लहान असताना कान खर्जाच्या बाबतीत मंद असतो आणि आवाज वाढला की खर्ज जास्त भरतो. म्हणजे केवळ आवाज मोठा असल्यामुळे ‘याचा बेस काय सुंदर आहे’ असा निकाल लागू शकतो. अनेक अँड्रॉइड फोनवर आवाजाचे अवघे १५ टप्पे असतात. एका टप्प्यात बहुधा डेसिबलहून जास्त अंतर असल्याने व्हॉल्यूमच्या बटणाने दोन इअरफोन नीट जुळवताच येत नाहीत.

दुसरा घोळ रबरी टोपीचा, म्हणजे टिपचा. टिप कानात घट्ट बसली नाही तर खालचे सूर गळून जातात. तबल्यातला डग्गा ऐकला की हे लगेच कळते: टिप नीट बसली तर घुमारा येतो, नाही तर नुसती थाप उरते. त्यात डावा आणि उजवा कान एकसारखा नसतो. दीड लाखाचा आयईएम सोबत आलेल्या मधल्या आकाराच्या टिपने ऐकून ‘बेस कमी आहे’ म्हणणारे आणि त्यावर तीन हजारांची वायर बदलणारे या छंदात कमी नाहीत. आधी ५० रुपयांची टिप बदलून पाहावी.

तिसरा घोळ वाजवणाऱ्या यंत्राचा. अनेक ड्रायव्हरच्या आयईएमचा विद्युत अवरोध प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा, तो एका वारंवारितेला १० ओहम आणि दुसऱ्या वारंवारितेला ४० ओहम आहे. ज्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अवरोध १० ओहम आहे त्याला हा आयईएम जोडला, तर या दोन वारंवारितांमध्ये सुमारे ४ डेसिबलचा फरक पडतो. तोच अवरोध १ ओहम असेल तर फरक जेमतेम ०.६ डेसिबल. म्हणजे एकच आयईएम दोन यंत्रांवर दोन वेगळ्या स्वभावांचा वाटू शकतो, आणि त्यात जादू काही नाही. अकरावीचा ओहमचा नियम आहे. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारे साधे टाइप-सी डोंगलही कमी अवरोधाचे असू शकते, तर जुन्या धाटणीचा भारी ॲम्प्लिफायर या कामाला कुचकामी ठरू शकतो.

आणि चौथी गोष्ट स्मरणाची. आवाजाचे बारकावे कान काही सेकंदच धरून ठेवतो. एक इअरफोन काढून, वायर सोडवून, दुसरा बसवेपर्यंत अर्धा मिनिट सहज जातो. तोवर उरते ती आवाजाची आठवण नव्हे, तर त्याच्याबद्दल बनलेले मत. त्या मतात किमतीचा आकडा आणि कोणाकोणाची समीक्षा आधीच मिसळलेली असते.

आलेख पाहून ठरवता येईल का?

बऱ्याच अंशी, पण सगळे नाही. उघड्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती स्वतःच वाढवते. इअरफोन कानात घातला की ही नैसर्गिक वाढ बिघडते, म्हणून ती इअरफोनलाच भरून काढावी लागते. आलेखात तिथे डोंगर दिसतो तो त्यासाठी. डोंगर नसेल तर गायकाचा आवाज घशात अडकल्यासारखा येतो आणि फार उंच असेल तर कर्कश.

मापन होते ते ‘७११’ या जुन्या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम कानावर. त्यात ८,००० हर्ट्झच्या जवळ एक टोक दिसते. ते बरेचसे त्या नळीचे असते, इअरफोनचे नव्हे. खऱ्या कानात ते टोक इअरफोन किती खोल बसला यावर पुढे-मागे सरकते. त्यामुळे त्यावरच्या भागाबद्दल आलेख जे सांगतो त्यावर पैज लावू नये. ‘हवा’, ‘चमक’, ‘पोत’ अशा शब्दांत समीक्षक ज्याचे वर्णन करतात ते नेमके याच भागात घडते, आणि तिथे प्रत्येकाचा कान वेगळा असतो. एकाला मखमली वाटणारा आयईएम दुसऱ्याला टोचतो तो त्यामुळेच. दोघेही खरे बोलत असतात. मात्र तिसऱ्याने त्यांच्या शब्दावर लाख रुपये खर्च करण्यात अर्थ नाही.

मग घरी तुलना कशी करावी?

दोन्ही आयईएमना शक्यतो एकाच प्रकारची टिप आणि एकच डोंगल वापरावे. मग पिंक नॉइज, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेला धबधब्यासारखा आवाज वाजवून पातळी जुळवावी. इक्वलायझर ॲपमधल्या ‘प्रीॲम्प’ने अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने आवाज कमी करता येतो. ‘७११’च्या धर्तीचे चिनी कपलर काही हजारांत मिळतात. दोन आयईएमवर लाखभर घालणाऱ्याने एक घ्यायला हरकत नाही. ते नसेल तर कानाने जुळवावे आणि जो महाग आहे त्याचा आवाज मुद्दाम किंचित खाली ठेवावा. तरीही तोच आवडला तर त्या आवडीला वजन आहे.

वाजवायला काय निवडावे? समीक्षांमध्ये त्याच त्या दहा-बारा इंग्रजी गाण्यांची नावे फिरत असतात. तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण याहून कितीतरी उपयोगी. तो अखंड वाजतो, त्यामुळे बदलाबदलीत लय तुटत नाही. त्याची जवारी वरच्या अनेक स्वरांशांनी भरलेली असते, म्हणून ट्रेबलमधला छोटा खड्डा किंवा टोकही लगेच कळते. जोडीला तबला असलेले एक स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्यावे. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएम तबकड्यांवरचे गाणे मनासाठी ऐकावे, तुलनेसाठी नको. तबकडीत जे टिपलेच गेले नाही ते दोन लाखांचा इअरफोनही काढून देणार नाही; खरखर मात्र स्पष्ट करून देईल.

डोळे बांधून आयईएमची तुलना घरी नीट होत नाही, कारण वजन आणि आकार कानालाच कळतो. इथे ‘हरमन’ची युक्ती उपयोगी पडते: महागड्या आयईएमचा आलेख इक्वलायझरने स्वस्तावर उतरवायचा आणि मग दोन्ही ऐकायचे. वरचा ट्रेबल सोडला तर किती अंतर उरते ते कळते. अनेकांसाठी ते अस्वस्थ करण्याइतके थोडे असेल.

डोंगल, वायर किंवा फाइलचा दर्जा यांची अंध चाचणी मात्र सहज होते. कानातला इअरफोन तोच ठेवायचा आणि मित्राने न सांगता मागे बदल करायचे. १० वेळा ओळखावे. नुसते ठोकताळे मांडूनही १० पैकी ७ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के असते, म्हणजे सात बरोबर आले म्हणून फुशारून जाऊ नये. ९ किंवा १० बरोबर आले तर मात्र दाद द्यावी. ते केवळ नशिबाने घडण्याची शक्यता जेमतेम १ टक्का आहे.

मग जास्तीचे पैसे कशाचे?

घडणीचे, धातूच्या किंवा रेझिनच्या कवचाचे, दोन्ही बाजू एकमेकींशी जुळवून घेण्याच्या काटेकोरपणाचे, दुरुस्तीच्या सोयीचे आणि मिरवण्याचेही. तासन् तास कानात न टोचणारा आकार ही खरी चैन आहे आणि तिला किंमत देण्यात काही गैर नाही. काही महागड्या मॉडेलचा आवाज खरोखर वेगळा आणि सुंदर असतो, हेही नाकारता येत नाही. आक्षेप आहे तो ‘दहापट किंमत म्हणजे दहापट तपशील’ या भाषेला. समीक्षेसाठी वस्तू कंपनीकडून उसनी आलेली, खाली खरेदीच्या दुव्यावर दलाली आणि पातळी जुळवल्याचा उल्लेखही नाही, अशा समीक्षेला जाहिरात म्हणणेच योग्य.

भारतातल्या ग्राहकाची पंचाईत याहून मोठी आहे. बहुतेक शहरांत असे आयईएम आधी ऐकायला मिळत नाहीत. वस्तू कानात घालायची असल्याने उघडल्यावर परत घेण्याबाबत दुकाने स्वच्छतेचे कारण पुढे करतात. न ऐकता घ्यायचे आणि आवडले नाही तर तोट्यात विकायचे, एवढाच मार्ग उरतो. विकणाऱ्यांनी ठेव घेऊन आठवडाभर ऐकायला देण्याची पद्धत सुरू केली, तर त्यांचा खप कमी होईल अशी भीती त्यांना वाटत असावी. ती कदाचित रास्तही असेल. तोवर कानसेनांनी आपापसांत आयईएम बदलून ऐकणे, हाच सर्वात स्वस्त उपाय आहे.

किती आवाजात ऐकावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला ही मर्यादा थेट ४ तासांवर येते. तुलना करताना बारकावे शोधण्याच्या नादात आवाज हळूहळू चढत जातो, आणि चांगल्या आयईएममध्ये विकृती कमी असल्याने तो किती चढला हे लक्षातही येत नाही. पातळी एकदा ठरवून तिला हात न लावणे हे तुलनेसाठी आवश्यक आहेच, कानांसाठीही आहे. ऐकून झाल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज घुमू लागला, तर त्या दिवशीची तुलना तिथेच थांबवावी. तो दोन-तीन दिवस राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.