मालक गेला की संघ जातो

मालवणपासून कारवारपर्यंत कबड्डीची एक व्यावसायिक लीग उभारावी, महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तीन राज्यांतले सहा-आठ संघ कंपन्यांना विकावेत आणि गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा हळूहळू बंद कराव्यात, असा सल्ला एका जाणकारांनी आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना दिला आहे. आधाराला त्यांनी युरोपातली आइस हॉकी आणली. तिथे भांडवलदारांनी धाडस केलं, देशांच्या सीमा ओलांडल्या आणि अनेक देशांची एकच लीग उभी राहिली. कोकणातली मंडळं मात्र अजून मातीत खेळतात, पंचांशी हुज्जत घालतात आणि अंतिम सामना रात्री दोन वाजता लावतात. तेव्हा मंडळांनी बाजूला व्हावं, पैशाला वाट द्यावी आणि गावकऱ्यांनी घरी बसून टीव्हीवर सामने पाहावेत.

आमच्या शिरोड्यात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत. आइस हॉकीचं नाव घेतलं की इथे कोणी उलट विचारणार नाही, असा या मांडणीमागचा हिशेब असावा. मी उलट विचारतो, कारण दाखला अर्धाच सांगितला आहे आणि उरलेला अर्धा सल्ल्याच्या नेमका विरुद्ध जातो.

युरोपात पैशाच्या जोरावर सीमा ओलांडण्याचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे २००८ मध्ये रशियात सुरू झालेली कॉन्टिनेन्टल हॉकी लीग. पहिल्या हंगामापासून तिच्यात रशियाबाहेरचे संघ होते. लाटव्हियाचा दिनामो रिगा, बेलारूसचा दिनामो मिन्स्क आणि कझाकस्तानचा बारीस हे ते संघ. पुढे स्लोव्हाकिया, झेकिया, क्रोएशिया, युक्रेन आणि फिनलंड इथले संघही आले. नकाशावर हे सगळं भव्य दिसत होतं. त्या संघांचं पुढे काय झालं, ते सल्लागारांनी सांगितलेलं नाही.

लेव्ह हा संघ २०११ मध्ये स्लोव्हाकियातल्या पोप्राद या गावात उतरला. एकच हंगाम तिथे खेळला आणि पुढच्या वर्षी त्याच नावाचा संघ झेकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये उभा राहिला. २०१४ मध्ये तो लीगच्या अंतिम फेरीत पोचला आणि गागारिन करंडकासाठी माग्नितोगोर्स्कच्या संघाशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजला. त्याच उन्हाळ्यात पैसे आटले आणि संघ बंद झाला. एप्रिलमध्ये लीगमधल्या सर्वोत्तम दोन संघांत असलेला हा संघ पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत नाहीसा झाला होता. प्रागमध्ये त्याचं काय उरलं? प्रागला स्वतःचा जुना स्पार्टा क्लब होता आणि तो आजही आहे. लेव्ह वरून ठेवलेला होता, वरूनच उचलला गेला.

त्याच्या शेजारी ब्रातिस्लाव्हाचा स्लोव्हान ठेवून पाहा. हा क्लब १९२१ पासूनचा. तोही २०१२ मध्ये त्याच लीगमध्ये गेला. तिथले खर्च त्याला पेलले नाहीत आणि २०१९ मध्ये तो बाहेर पडला. तरी मेला नाही. आपल्या देशाच्या लीगमध्ये परत आला आणि २०२२ मध्ये स्लोव्हाकियाचा विजेता झाला. लीग तीच, काळही साधारण तोच. फरक एवढाच की स्लोव्हानला परतायला घर होतं.

हेलसिंकीच्या योकेरितची कथा तर या सल्लागारांनी पाठ करावी. फिनलंडची अजिंक्यपदं सहा वेळा जिंकलेला हा क्लब. २०१३ मध्ये त्याच्या हॉलची मालकी आणि क्लबमधला वाटा रशियन उद्योगपतींकडे गेला. २०१४ मध्ये क्लबने फिनलंडची लीग सोडली आणि मोठ्या लीगमध्ये उडी घेतली. आठ हंगाम गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं आणि योकेरितला लीग सोडावी लागली. दिनामो रिगाही त्याच आठवड्यांत बाहेर पडला. हॉलच्या मालकांवर निर्बंध आले, हॉलला कुलूप लागलं. फिनलंडच्या वरच्या लीगने या क्लबला थेट आत घेतलं नाही. एक हंगाम रिकामा गेला आणि २०२३ मध्ये योकेरितला दुसऱ्या पायरीच्या मेस्टिस लीगपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. तिथेही त्याचे लोक सामने पाहायला आले, म्हणून क्लब टिकला. मालकांचा पैसा त्या दिवशी कुठेच नव्हता.

क्रोएशियाच्या मेदवेश्चाक झाग्रेबची चूक मला सगळ्यांत जास्त सलते, कारण ती आमच्यासारख्यांना भूल पाडणारी आहे. हा संघ शेजारच्या ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये नीट रुजला होता. २०१३ मध्ये तो मोठ्या लीगकडे गेला, २०१७ मध्ये थकून परत आला आणि २०१९ च्या सुरुवातीला पैशाअभावी ऑस्ट्रियाच्या लीगमधूनही बाहेर पडला. जवळची लीग सोडून दूरची धरली आणि शेवटी दोन्ही गेल्या.

मग युरोपात टिकलं काय? तेही सांगतो, कारण सल्लागार म्हणतात तसं यश तिथे खरोखरच आहे, पण त्यांनी बोट भलत्या ठिकाणी ठेवलं आहे. चॅम्पियन्स हॉकी लीग या नावाची पहिली स्पर्धा २००८-०९ मध्ये झाली. झ्युरिकच्या संघाने ती जिंकली आणि पैसा पुरवणारे मागे हटल्यावर ती एकाच हंगामात संपली. आज जी त्या नावाची स्पर्धा चालते, ती २०१४ मध्ये २६ क्लबांनी, सहा देशांच्या लीगांनी आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने मिळून उभी केली. तिच्यात क्लबच भागीदार आहेत. आपल्या देशाची लीग कोणी सोडायची नाही. तिथे चांगलं खेळायचं आणि त्या बळावर परदेशी क्लबांशी सामने मिळवायचे. पहिलं विजेतेपद स्वीडनच्या अगदी उत्तरेकडच्या लुलेओ या किनाऱ्यावरच्या गावाने नेलं.

ऑस्ट्रियाच्या लीगचंही तसंच. २००६ मध्ये स्लोव्हेनियाचा येसेनिसे तिच्यात आला. पुढे हंगेरीचा सेकेशफेहेर्वार आला आणि २०१३ मध्ये इटलीचा बोल्झानो. बोल्झानोने पहिल्याच हंगामात लीग जिंकली. हे सगळे आल्प्सच्या आसपासचे शेजारी, रस्त्याने एकमेकांकडे जाऊ शकणारे. कोणी कोणाला विकत घेतलं नाही. येसेनिसे पुढे पैशाअभावी गळाला, हेही खरं. मी ते लपवत नाही, कारण क्लबांच्या लीगमध्ये दिवाळं निघतच नाही असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं इतकंच की एक संघ गळाला तरी ती लीग उभी राहिली.

युरोप लांब वाटत असेल तर पुण्याला या. बालेवाडीचं क्रीडासंकुल मोठं, सोयी उत्तम. फुटबॉलच्या आय-लीगमध्ये २०१२-१३ ला उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला, त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली आणि २०२५ मध्ये हैदराबादचा संघही दिल्लीला गेला. पाच वर्षांच्या आत एका शहरातले चार व्यावसायिक फुटबॉल संघ संपले. यातल्या एकाही संघाला मैदानाची किंवा जाणकार प्रशिक्षकाची कमतरता नव्हती.

आणि पुण्याहून जवळ यायचं तर तेरेखोल ओलांडा. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा या तीन क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली, कारण देशाच्या नव्या आराखड्यात वरची पायरी पैसे भरून आलेल्या नव्या संघांना मिळणार होती. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला धेंपो खालच्या पायरीवर जाणार होता. सल्लागार इथे म्हणतील की धेंपो आणि साळगावकर हेही उद्योगपतींचेच. आहेत. पण त्यांनी क्लब उचलून दुसऱ्या राज्यात नेला नाही. देशाची लीग सोडली आणि गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले. धेंपो पुढे पायरी पायरीने चढून २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला. जी नवी लीग, म्हणजे इंडियन सुपर लीग, त्यांना डावलून उभी राहिली, तिचा २०२५-२६ चा हंगाम जुलै २०२५ मध्ये स्थगित करावा लागला, कारण महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आला होता. एका कराराच्या मुदतीवर देशातल्या शेकडो खेळाडूंची रोजीरोटी टांगली गेली. हाच नमुना कबड्डीसाठी मालवण-कारवार पट्ट्यात आणायचा आहे काय?

आता सल्लागारांचे बाकीचे मुद्दे. लीगमुळे खेळाडूला पैसा मिळतो, हे मान्य. प्रो कबड्डी लीगच्या २०१८ च्या लिलावात मुंबईच्या रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाखांची बोली लागली. हातात चार पैसे आले म्हणून कोणी खेळाडू दुखावला जात नाही आणि मीही दुखावलेलो नाही. लीगमुळे खेळ घराघरांत पोचतो, हेही मान्य. पण २०२५ च्या हंगामात सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथेच झाले. पुणेरी पलटण अंतिम फेरीत पोचली आणि महाराष्ट्राला एकही सामना मिळाला नाही. घराघरांत पोचलेला खेळ स्वतःच्या शहरात पोचला नाही. मंडळांत भांडणं असतात, हा तिसरा मुद्दा. असतात.

या भांडणांबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण हा वाद जुना आहे आणि दर पिढीत नवा म्हणून मांडला जातो. माती की मॅट, असा वाद आमच्याकडे पेटला तेव्हाही आम्हाला असंच सांगण्यात आलं होतं की मंडळं मागास आहेत, त्यांना वगळा. त्याआधी हुतूतू की कबड्डी यावरून तोंडं वाजली. आणखी मागे संजीवनी, गामिनी आणि अमर असे खेळाचे तीन प्रकार होते. बाद झालेला गडी परत येणार की नाही, यावर गावागणिक वेगळा कायदा होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या आखाड्यांनी, व्यायामशाळांनी आणि मंडळांनी एकमेकांशी हुज्जत घालूनच नियम पक्के केले. आज कंपन्या जो खेळ विकत आहेत, तो त्या हुज्जतीतून घडला. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी युरोपला कबड्डी दाखवली ती अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. युरोपचा दाखला देणाऱ्यांनी हा दाखलाही द्यायला हवा होता.

मंडळांचा एक दोष मी सांगतो, जो सल्लागारांनी सांगितला नाही. बक्षिसाची रक्कम देणाऱ्या पुढाऱ्याचं भाषण संपेपर्यंत पोरांना थंड अंगाने बसवून ठेवतात आणि मग चढाईला पाठवतात. गुडघे तिथे जातात. हे बंद झालंच पाहिजे, आणि ते मंडळांनाच बंद करता येईल. दूरच्या शहरातला मालक त्यासाठी धावून येणार नाही.

सीमा ओलांडायला आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. आमच्या दशावतारी कंपन्या पिढ्यान् पिढ्या पेडण्यातल्या जत्रांना जाऊन नाटकं करतात. राज्य बदललं, चलन बदललं, गोवा पोर्तुगीजांचा होता तोही मुक्त झाला, जत्रा चुकली नाही. कंपनी कोणाची, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि ती पुढच्या वर्षी येणार, हेही ठाऊक असतं.

कबड्डीत हेच करता येईल. शिरोडा, रेडी, आरोंदा, सातार्डा, बांदा या बाजूची मंडळं आणि केरी, पालये, हरमल, मांद्रे, पेडणे या बाजूचे संघ यांनी आपसांत एक लीग बांधावी. भातकापणी आणि मळणी आटोपली की मैदान रोलरने दाबून, पाणी मारून, फक्कीने रेषा आखून तयार होतंच. दिवाळी ते शिमगा हा हंगाम. प्रत्येक संघाने एक सामना स्वतःच्या गावात आणि एक समोरच्याच्या गावात खेळायचा. खाली राहील तो दुसऱ्या गटात जाईल, वर येईल तो पहिल्यात. कंपनीने बनियनवर नाव द्यावं, मॅट द्यावी, प्रवासखर्च द्यावा. संघ विकत घेता येणार नाही, ही अट लेखी असावी. ज्या मंडळाकडे मुलींचा संघ नाही, त्याला पहिल्या गटात जागा नाही. कारवारकरांना यायचं असेल तर त्यांनी आपल्या तालुक्याची अशीच लीग आधी उभी करावी आणि मग दोन्ही विजेत्यांनी भिडावं.

तपशील अजून पुष्कळ ठरायचे आहेत. पंच कोणाचे आणि दोन राज्यांच्या संघटनांची परवानगी कशी घ्यायची, हे बसूनच ठरवावं लागेल. तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवरच्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. संघ विकत घ्यायला कोणी येण्याआधी, या पावसाळ्यातच, एकदा आरोंद्याला एकत्र बसा.